आधी माणसं जमवा, मग जागा शोधा

पत्र :

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. व्हीलचेअरवर असतो, बोलता येत नाही, भरवावं लागतं, डायपर बदलावे लागतात, अधूनमधून फिट येते. ‘हो’ म्हणायचं असलं की तो वर बघतो, ‘नाही’ म्हणायचं असलं की मान वळवतो. हे आम्हा घरच्यांनाच कळतं. अठराव्या वर्षी शाळा संपली, तेव्हापासून तो घरातच आहे. घरामागच्या मैदानावर संध्याकाळी मुलं खेळतात. तिथली शिट्टी ऐकू आली की तो ओरडतो, खळखळून हसतो. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली, आईची कंबर गेली आहे. मी नोकरी करते, माझा संसार वेगळ्या घरी आहे. बाबा म्हणतात, आपण आहोत तोवर त्याला चांगल्या निवासी संस्थेत ठेवू. आई म्हणते, मी जिवंत असेपर्यंत त्याला कुणाच्या हाती देणार नाही. ‘समाजाने यांना सामावून घ्यायला हवं’ असं भाषणात ऐकलं की मला राग येतो. शेजारी वाईट नाहीत, पण ‘कसा आहे?’ विचारून निघून जातात. सामावून घेणं म्हणजे उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करायचं? आणि एक : ‘आमच्यानंतर काय’ हा विषय आम्ही त्याच्यासमोर काढत नाही. ते बरोबर आहे ना?
— एक बहीण

उत्तर :

तुमचा राग रास्त आहे. भाषण करणाऱ्याला ‘समाज’ म्हणून मोकळं होता येतं. तुम्हाला मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी दारातून आत येणारं एक जिवंत माणूस हवं असतं. म्हणून मीही इथे समाजाबद्दल बोलणार नाही, माणसांबद्दल बोलणार आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर बघणं म्हणजे ‘हो’, हे फक्त घरच्यांना कळतं. म्हणजे अख्ख्या जगात तीन माणसांना. त्यातली दोन सत्तरीच्या आसपासची किंवा त्यापुढची. बाबा जागा शोधताहेत, आई आहे ती जागा सोडायला तयार नाही. वाद सगळा जागेचा चालला आहे. पण ही तीन माणसं नसतील तेव्हा उत्तमातल्या उत्तम संस्थेतही तुमचा भाऊ वर बघत राहील आणि कुणाला वाटेल, छताकडे बघतोय. मग आज जे थोडंफार बोलणं त्याच्याकडे आहे, तेही जाईल, आणि ते काही सेरेब्रल पाल्सीमुळे गेलेलं नसेल. तेव्हा माझ्या मते तुमच्या घरापुढचा पहिला प्रश्न ‘तो कुठे राहणार’ हा नाही. ‘त्याला ओळखणारी माणसं तीनाची आठ कशी होतील’ हा आहे. तो सुटायला लागला की जागेचा निर्णयही बराच सोपा होतो.

एक मोठा कागद घ्या आणि भावाला शेजारी बसवून हे करा. कॅनडातल्या मार्शा फॉरेस्ट आणि जॅक पिअरपॉइंट या दांपत्याने लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. मध्यभागी त्याचं नाव, भोवती एकात एक चार वर्तुळं. सर्वांत आतल्या वर्तुळात ज्यांच्यावाचून त्याचं पानही हलत नाही अशी माणसं. दुसऱ्यात मित्र. तिसऱ्यात एखाद्या कामाच्या, छंदाच्या, खेळाच्या निमित्ताने भेटणारे लोक. चौथ्यात पैसे घेऊन सेवा देणारे : डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मदतनीस. मग स्वतःसाठीही असाच कागद भरा. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांचे असे कागद जवळजवळ नेहमी सारखेच दिसतात : आतलं वर्तुळ भरलेलं, बाहेरचं भरलेलं, मधली दोन कोरी. तुमच्या कागदावर मात्र मधलीच सगळ्यांत गजबजलेली असतील. दोन कागद शेजारी ठेवले की काय कमी आहे ते आईबाबांना मी सांगायची गरज उरणार नाही.

मित्र थेट दुसऱ्या वर्तुळात उतरत नाहीत, ते तिसऱ्यातून येतात. आपण सगळ्यांनी मित्र असेच मिळवले आहेत, कुठल्यातरी वर्गात, कचेरीत, संघात वारंवार शेजारी बसून. ‘माझ्या भावाचे मित्र व्हाल का?’ असं कुणाला विचारलं तर माणूस गोरामोरा होईल. त्यामुळे तो प्रश्न विचारूच नका. तिसरं वर्तुळ भरायला घ्या.

आणि त्यासाठीची जागा तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवली आहे : मैदान. तेरा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी आवाजावरून खेळ ऐकतो आहे आणि मैदानावर कुणाला त्याचा पत्ता नाही. त्याला तिथे नेऊन कडेला बसवणं ही झाली पहिली पायरी, पण तिथेच थांबलात तर महिनाभरात तो मैदानाच्या कडेचं झाड होऊन जाईल. लोक हात हलवतील आणि खेळायला लागतील. नुसतं हजर असणं आणि त्यातला असणं यांत फार अंतर आहे. वोल्फ वोल्फेन्सबर्गर या अभ्यासकाने १९८३ मध्ये हाच मुद्दा सिद्धांत म्हणून मांडला : ज्यांना समाज कमी लेखतो त्यांची किंमत उपदेशाने वाढत नाही, लोकांच्या लेखी मोलाची असलेली एखादी भूमिका त्यांच्याकडे आली की वाढते. रुग्ण, ओझं, देवाचं लेकरू, कायमचं बाळ ही सगळी कमी लेखणारी रूपं आहेत, त्यातली काही प्रेमाने दिलेली असली तरी. गडी, पंच, गुणलेखक, शेजारी, गिऱ्हाईक ही मोलाची.

तर मैदानावर त्याच्याकडे काय काम येऊ शकतं? मोठं बटण असलेलं आणि त्यात एक आवाज किंवा वाक्य रेकॉर्ड करता येईल असं साधं उपकरण मिळतं. हात, कोपर, गुडघा, डोकं, ज्या अवयवावर त्याचा थोडाफार ताबा असेल त्याच्याजवळ ते बसवता येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला नेमकं एवढंच विचारा : ‘याच्या शरीराची कुठली हालचाल सर्वांत भरवशाची आहे, आणि बटण कुठे बसवू?’ त्या बटणात शिट्टी रेकॉर्ड करा. सामना त्याने बटण दाबल्यावर सुरू होईल. त्याला हात उचलायला वीस सेकंद लागतील, कधी चाळीस. बावीस मुलं तेवढं थांबतील. मुलं थांबतात हो, घाई मोठ्यांना असते. मात्र काम खरं हवं. तो आला नाही तर कुणीतरी ‘आज तो का नाही?’ असं विचारायला हवं. त्याला शोभेसाठी बसवलं आहे आणि खरी शिट्टी दुसराच वाजवतो, असं असेल तर ते त्याच्याही लक्षात येईल, मुलांच्याही.

हे सगळं ठरवण्याआधी त्याला विचारा. त्याला शिट्टी आवडते म्हणजे गर्दी आवडेलच असं नाही. कदाचित त्याला ती खिडकीतूनच आवडत असेल. दोनदा नेऊन बघा, नजर आणि चेहरा बघा. मान वळवली तर दुसरं काहीतरी शोधू. मैदान हा माझा अंदाज आहे, त्याच्यावर लादायचा कार्यक्रम नव्हे.

आता माणसांना विचारायचं कसं. तुमचे शेजारी ‘कसा आहे?’ विचारून निघून जातात, कारण त्या प्रश्नापुढे काय करायचं हे त्यांना माहीत नाही आणि आपण काही चुकीचं करू अशी धास्ती वाटते. ‘काही मदत लागली तर सांगा’ असं म्हणणारेही असतील. बहुतेक घरं यावर ‘हो, सांगू’ म्हणतात आणि कधीच सांगत नाहीत. मग दोन्हीकडून दार हळूहळू बंद होतं. यापुढे विचारायचं ते छोटं, नेमकं आणि शेवट ठरलेलं. ‘दर गुरुवारी सहा ते सात तुम्ही मैदानावर असताच. सहा आठवडे त्याची खुर्ची तुमच्या शेजारी लावू का? मी किंवा आमचा मदतनीस हाकेच्या अंतरावर असू. सहा आठवड्यांनी जमेल की नाही ते सांगा.’ अशी विनंती नाकारणं सोपं असतं, म्हणूनच ती स्वीकारणंही सोपं जातं. काहीजण नाही म्हणतील. त्यांच्यावर राग धरू नका, पुढच्याला विचारा. आणि एकाच भल्या माणसावर सगळा भार टाकू नका. भली माणसं दमतात आणि दमल्याचं सांगायला त्यांना संकोच वाटतो.

धास्ती घालवायला एक छोटी वही करा. एडिंबरामध्ये सॅली मिलर या स्पीच थेरपिस्टने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा वह्यांची पद्धत रुजवली, ‘पासपोर्ट’ या नावाने. ती वही भावाच्या आवाजात लिहायची : ‘मी वर बघितलं की हो. मान वळवली की नाही. प्रश्न विचारून दहापर्यंत मोजा, मला वेळ लागतो. माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलू नका. मी अचानक ओरडलो तर घाबरू नका, मला मजा येते आहे. दात आवळून सूर लावला तर मात्र काहीतरी दुखतं आहे. मला शिट्टीचा आवाज आवडतो, गालगुच्चे आवडत नाहीत, मी एकतीस वर्षांचा आहे.’ दहा-बारा पानं, फोटो, मोठी अक्षरं, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. निदान, गोळ्यांची यादी वगैरे शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर आजार आला की वाचणारा परिचारिकेसारखा वागायला लागतो.

फिट येणार या भीतीने निम्मी माणसं लांब राहतात. तेही एका पानात मावतं : त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, खुर्चीत असेल तर पट्टा न सोडता डोकं सावरा, घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका. त्याच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर ते वर ठळक अक्षरांत. हे पान गटातल्या सगळ्यांसमोर एकदा वाचून दाखवा, करून दाखवा. माहीत असलेली भीती आवाक्यात येते.

बोलण्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. अठराव्या वर्षी शाळा सुटल्यावर बहुधा स्पीच थेरपीही सुटली असेल. एकतिसाव्या वर्षी ती पुन्हा सुरू करण्यात काहीच हशील नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ज्याला ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन स्पष्ट इशारे देता येतात, त्याला चित्रांचा तक्ता, नजरेने निवडायचा फलक, बटण यांच्या आधारे बरंच पुढे जाता येऊ शकतं. किती, ते आधी कुणालाच सांगता येणार नाही. अ‍ॅन डॉनेलन या विशेष शिक्षणाच्या अभ्यासिकेने १९८४ मध्ये यावर एक व्यवहारी कसोटी सुचवली होती. खात्री नसेल तेव्हा असं गृहीत धरा की, जे चुकीचं ठरलं तरी त्या माणसाचं नुकसान कमीत कमी होईल. त्याला कळतं असं धरून आपण बोललो आणि त्याला थोडंच कळत असलं, तर फारसं बिघडत नाही. त्याला कळत नाही असं धरलं आणि त्याला सगळं कळत असलं, तर आपण त्याचं आयुष्य खाल्लं. दुसरी गोष्ट सावधगिरीची : कुणी त्याचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेतो, ‘आत दडलेलं बोलतं करतो’ असं म्हणाला, तर नम्रपणे निरोप द्या. तपासण्यांत वारंवार दिसलं आहे की त्या पद्धतीत शब्द हात धरणाऱ्याचे निघतात.

आता ज्या विषयावर भाषणांत कुणी बोलत नाही, तिकडे येते. शौचालय. तुमचा भाऊ घराबाहेर किती वेळ राहू शकतो हे लोकांची मनं किती मोठी आहेत यावर ठरत नाही, डायपर कुठे बदलता येईल यावर ठरतं. अपंगांसाठी म्हणून बांधलेल्या शौचालयात आधाराच्या दांड्या असतात, पण आडवं झोपवायला जागा नसते. लहान मुलांच्या टेबलावर मोठा माणूस मावत नाही. मग घरचे लोक एकतर त्याला ओल्या डायपरमध्ये ठेवतात, किंवा शौचालयाच्या फरशीवर चादर पसरून झोपवतात, किंवा बाहेर पडणंच सोडतात. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम नेमक्या याच मुद्द्यावर चालली आहे. मोठ्या माणसाला झोपवता येईल असा वरखाली होणारा बाक, उचलायला यांत्रिक झोळी, दोन मदतनिसांना वावरायला जागा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्याने बांधल्या जाणाऱ्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत अशी खोली बांधणं नियमाने आवश्यक झालं. मला ही मोहीम शंभर परिसंवादांपेक्षा मोलाची वाटते.

तुमच्याकडे अशी खोली उद्या उभी राहणार नाही, पण मैदान घरामागेच आहे. आणखी कुठे जायचं ठरलं तर आधी एवढंच बघा : दार आतून लावता येईल अशी एक खोली, एक भक्कम टेबल किंवा घडीचा बाक, पाणी. वाचनालय, सभागृह, क्रीडामंडळ यांना ‘समावेशक व्हा’ असं सांगून काही होत नाही. ‘तुमची ती सामानाची खोली दर गुरुवारी अर्धा तास मिळेल का, आणि बाक तिथेच ठेवू का?’ असं विचारलं की होतं. उचलण्याचं काम मात्र आईकडून काढून घ्या, आजच. झोळीचं यंत्र किंवा सरकवायची फळी, आणि ती वापरायला शिकलेलं माणूस. कंबर आधीच गेली आहे. एक दिवस दोघंही पडतील.

इथे एक भेद स्पष्ट ठेवायला हवा, कारण त्यात अनेक चांगले गट फसतात. डायपर, आंघोळ, भरवणं, उचलणं ही कामं शेजाऱ्यांकडून प्रेमाने करून घ्यायची नाहीत. ती शिकलेल्या, पगार घेणाऱ्या, नीट पारखून ठेवलेल्या मदतनिसाची आहेत आणि त्यासाठीचा पैसा सरकारने द्यावा यासाठी भांडायला हवं. स्वीडनमध्ये १९९४ पासून कायद्याने असा स्वतःचा मदतनीस मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या भागात काय मिळू शकतं ते पालकांच्या संघटनेत विचारा, तिथल्या अनुभवी आया कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त जाणतात. शेजाऱ्यांचं काम वेगळं : त्याच्याबरोबर असणं, त्याला ओळखणं, त्याच्या वतीने आवाज उठवणं. पगारी माणूस नोकरी बदलतो, शेजारी सहसा नाही. दोन्ही लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बेल्जियममधलं गील हे गाव याचं जुनं उदाहरण. मध्ययुगापासून तिथली कुटुंबं मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या परक्या माणसांना घरात ठेवून घेत आली आहेत. १९३८ मध्ये अशी साडेतीन हजारांवर माणसं तिथे राहत होती. आता संख्या बरीच घटली आहे, पण प्रथा चालू आहे. ही गोष्ट सांगताना लोक गावाच्या मोठ्या मनापाशी थांबतात. मला त्याच्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. त्या कुटुंबांना मोबदला मिळतो, आणि पाठीशी रुग्णालय आहे. अडलं तर कुणाला बोलवायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं. चांगुलपणाला असा आधार दिला की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, नाहीतर वर्षभरात थकतो.

तिसऱ्या वर्तुळात पाच-सहा माणसं रुळली की त्यातल्या तिघा-चौघांना एकत्र बसवा. जुडिथ स्नो या कॅनडातल्या महिलेची हकिकत आईबाबांना सांगण्यासारखी आहे. तीव्र शारीरिक अपंगत्व, विद्यापीठात शिकलेली, आणि तरुणपणी राहायला जागा कुठली, तर वृद्धांची संस्था. तिथे तिची तब्येत ढासळत गेली. १९८० च्या सुमारास तिच्या मित्रमैत्रिणींनी तिच्याभोवती एक गट बांधला आणि सरकारशी झगडून तिच्या मदतनिसांचा खर्च थेट तिच्या हाती मिळवून दिला. ती बाहेर पडली, स्वतःच्या घरात राहिली, पुढे जगभर हीच पद्धत शिकवत फिरली. २०१५ मध्ये ती गेली. हे ‘आधारवर्तुळ’. १९८९ मध्ये व्हँकुव्हरमधल्या काही पालकांनी तुमच्या घरात चाललेल्या याच प्रश्नावर, ‘आमच्यानंतर काय’ यावर, ‘प्लॅन’ नावाची संघटना काढली. त्यांनी वसतिगृह बांधलं नाही. प्रत्येक मुलाभोवती असं वर्तुळ उभं करायचं ठरवलं, आणि ते विस्कळीत होऊ नये म्हणून प्रत्येक वर्तुळाला थोडा पगार घेणारा एक समन्वयक दिला. त्या समन्वयकाचं काम फोन करणं, तारीख ठरवणं, रुसव्याफुगव्यांवर पाणी घालणं. सुरुवातीला हे काम तुमच्याकडे येईल. कायमचं घेऊ नका. वर्षभरात दुसऱ्या कुणाकडे द्या, कारण बहिणीला बहीण राहू द्यायला हवं.

आणि हो, सावधपणा. पहिले काही महिने एकटं कुणालाही त्याच्याबरोबर बंद खोलीत ठेवू नका. स्वच्छतेची कामं ठरलेल्या माणसांशिवाय कुणी करायची नाहीत. त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याचा चेहरा, झोप, भूक बदलली तर ती तक्रार समजायची. पण सावधपणाच्या नावाखाली त्याला कोंडूनही ठेवायचं नाही. रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकाने १९७२ मध्येच लिहून ठेवलं आहे की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. मैदानावर एखादा चेंडू त्याला लागेल. आई तुम्हाला बोलेल. तरी पुढच्या गुरुवारी जा.

आईबद्दल. ‘कुणाच्या हाती देणार नाही’ हा हट्ट नसून अनुभव आहे. एकतीस वर्षांत किती हातांनी त्याला घाईने, तुच्छतेने, खडबडीतपणे उचललं असेल ते तिला ठाऊक आहे. तिच्याशी वाद घालू नका. तिला काम द्या : ती वही तिनेच सांगायची, मदतनिसाला तिनेच शिकवायचं, त्याला पास-नापास तिनेच करायचं. तिच्याजवळची विद्या दुसऱ्या हातांत उतरताना ती बघेल तेव्हा थोडी सैल होईल. कदाचित होणारही नाही. पण निदान विद्या तिच्याबरोबर जाणार नाही.

बाबांची संस्थेची कल्पना मी फेटाळत नाही. छोट्या, घरासारख्या चांगल्या जागा असतात. पण मोठ्या संस्थांचा इतिहास बाबांना माहीत असू द्या. न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संस्था चार हजार जणांसाठी बांधलेली. १९६५ च्या आसपास तिथे सहा हजारांवर माणसं होती, उघडी, घाणीत, दुर्लक्षित. १९७२ मध्ये कॅमेरा आत गेला आणि देश हादरला, तरी ती पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. तिथले सगळे कर्मचारी दुष्ट होते असं नाही. बाहेरची माणसं आत येत नव्हती, हे खरं कारण. म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा रंगरंगोटी, यंत्रं, बाग यांकडे कमी बघा. विचारा : गेल्या आठवड्यात बाहेरचे किती लोक इथे येऊन गेले? न कळवता आलो तर आत सोडाल का? झोपायची वेळ कोण ठरवतं? तो इथून दर गुरुवारी मैदानावर जाऊ शकेल का? त्याची वही कोण वाचणार? शेवटच्या दोन प्रश्नांना अडखळत उत्तर आलं तर परत फिरा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्यातलं एकोणिसावं कलम नेमकं हेच सांगतं : कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांइतकीच मिळाली पाहिजे. कायदेशीर पालकत्व, इच्छापत्र, पैशाची व्यवस्था यांसाठी वकील गाठा आणि लवकर गाठा, पण वकिलालाही पहिल्याच भेटीत सांगा की निर्णय घ्यायला त्याला मदत मिळेल अशी रचना हवी, त्याच्या जागी दुसऱ्या कुणी निर्णय घ्यावेत अशी नको.

तुमच्याबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलं नाही, पण ओळींमधून दिसतं. आईबाबांनंतर सगळं आपोआप आपल्यावर येणार, असं तुम्ही धरून चालला आहात. यायलाच हवं असं नाही. किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा आणि आईबाबांना आत्ताच स्पष्ट सांगा, रात्रीअपरात्री रुग्णालयाच्या बाकावर नव्हे. ‘त्याचे निर्णय मी बघेन, पण तो माझ्या घरी राहणार नाही’ असं म्हणणारी बहीण वाईट नसते.

शेवटचा प्रश्न : त्याच्यासमोर विषय टाळणं बरोबर का? नाही. त्याला ऐकू येतं. आईची कंबर आणि बाबांचं वय त्याने तुमच्याइतकंच पाहिलं आहे, आणि दार लोटून चाललेली कुजबुज त्याला तुमच्याहून जास्त ऐकायला मिळते. कारण तो दिवसभर घरातच असतो. न सांगितल्याने त्याची काळजी टळत नाही. त्या काळजीत तो एकटा पडतो, एवढंच. तेव्हा बसा त्याच्यासमोर आणि साध्या वाक्यांत सांगा : आई-बाबा म्हातारे झालेत, आम्ही तुझ्यासाठी माणसं शोधतोय, आणि तुला विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही. मग एका वेळी दोनच पर्याय, फोटो किंवा चित्र दाखवून. ‘याच घरात?’ थांबा, दहापर्यंत मोजा. ‘दुसरीकडे?’ थांबा. थकला तर उद्या. दुसऱ्या दिवशी पर्यायांचा क्रम उलटा करून तेच पुन्हा विचारा, म्हणजे नजर खरंच उत्तर देते आहे की सवयीने वर गेली ते कळेल. प्रत्येक उत्तर तारखेसह वहीत लिहा आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. तो रडला तर रडू द्या, गप्प करू नका. रागावला तर तेही तारखेसह लिहा.